मोठ्या बाईंनी लपवलं नाही

मोठ्या बाई गेल्या त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी आमचा गडी कारंज्याच्या बाजारातून परत आला, त्यानं बैल सोडले आणि ओट्याच्या कडेला टेकत मला म्हणाला, "काकू, बाजारात सारे इचारून राह्यले. म्हनतात, शेवटी त्या गाठीनंच नेलं तुमच्या मोठ्या बाईले." मी सुपात तूर घेऊन बसले होते. सूप खाली ठेवलं. आमच्याच घरातली बातमी, आमच्याच माणसाची, आणि ती बाजारभर फिरून भलताच चेहरा लावून आमच्याच दारात परत आली होती... तोवर मी पुष्कळ रडले होते. त्या दिवशी रडू आलं नाही. संताप आला.

तेव्हा आधीच सांगून टाकते. माझ्या थोरल्या जाऊबाई अनसूयाबाई, ज्यांना सारं गाव अनसाबाई म्हणे आणि मी मोठ्या बाई म्हणे, त्या गाठीनं गेल्या नाहीत. माघातल्या थंडीत त्यांना ताप भरला, छातीत कफ दाटला, न्युमोनिया झाला आणि साठी ओलांडलेल्या शरीराला तो पेलवला नाही. कारंज्याहून आलेल्या डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं. त्यांनी दुसरी बाजू तपासली, दोन्ही काखा तपासल्या, पोट तपासलं आणि म्हणाले, "तो आजार या शरीरात कुठेही नाही." हे मी इतकं ठासून का सांगते? गेलेल्या माणसाबद्दल कुणी काही बोललं तर त्याचं काय बिघडतं, असं माझा मुलगाच मला म्हणाला. मोठ्या बाईंचं काही बिघडत नाही. पण हे बोलणं धनजच्या एखाद्या घरात, पोहरादेवीकडच्या एखाद्या तांड्यावर, कुणीतरी बाई ऐकत असते, चोळीवर हात ठेवून ऐकत असते. ती मनात म्हणते, अनसाबाईनं एवढं कापून घेतलं, एवढं सोसलं, आणि शेवट तोच... मग मी कशाला? आणि ती पदर आणखी घट्ट ओढून घेते. त्या बाईसाठी मी लिहिते आहे. ज्या मासिकासाठी हे लिहिते आहे त्याच्या संपादकांनी सुचवलं होतं की 'छातीचा विकार' असं मोघम लिहावं. मी लिहिणार नाही. स्तनात गाठ झाली होती. स्तनातच होते ती.

मी लग्न होऊन धनजच्या शिवाराला लागून असलेल्या या गावात आले तेव्हा मोठ्या बाई घरात रुळलेल्या होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की मळ्यातल्या माणसाला ओट्यावरून हाक मारली तर त्यानं मान वर करावी. कुजबुजणं त्यांना जमतच नसे. घरातल्या बायका एकमेकींच्या कानाशी लागल्या की त्या म्हणत, "जे सांगाचं ते मोठ्यानं सांगा वं माय. हळू बोलल्यानं गोष्ट लहान होत नाई." मला माहेरी चौथीपर्यंत शिकवलं होतं, याचं घरात कुणाला कौतुक नव्हतं, उलट जरा धाकच होता. मोठ्या बाईंनी मात्र पहिल्याच महिन्यात मला शेजारी बसवून पोथी वाचायला लावली, आणि मध्येच थांबवून विचारलं, "हे लिवलं हाये का तू मनानं सांगून राह्यली?" लिहिलं आहे म्हटल्यावर समाधानानं मान हलवली. अक्षर त्यांना येत नव्हतं, पण खरं काय आणि लोक बोलतात काय, यातला फरक त्यांना फार लवकर कळत असे.

त्यांची थोरली बहीण गंगूताई, पोहरादेवीच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. माझ्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी तिकडून निरोप आला की गंगूताई अंथरुणाला खिळली आहे, कुणीतरी या. मोठ्या बाई गेल्या आणि दीड-दोन महिने तिथंच राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. गंगूताईला गाठ लागून किती काळ झाला होता हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आंघोळीला एकटी जाई, चोळी कुणासमोर सोडत नसे, दुखलं तर कूस बदली. गाठ फुटली, लुगड्यावर डाग दिसू लागला, तेव्हा घराला कळलं. मग झाडपाल्याचे लेप झाले, अंगारा झाला, भगत झाला. शेवटी शेवटी घरातली माणसं दारातून पाण्याचा तांब्या सरकवत, इतका वास. मोठ्या बाई जखम धूत, पुसत, कापड बदलत. त्यांनी मला नंतर एकदाच सांगितलं, "मरायच्या आधी तिनं माहा हात धरला अन म्हने, अनसे, मले लाज वाटत होती वं. म्हून नाई सांगतलं." पुन्हा कधी तो विषय त्यांनी तसा काढला नाही. पण ते वाक्य त्यांच्यात कुठंतरी जाऊन बसलं होतं...

त्यानंतर कितीतरी पिकं आली आणि गेली. मोठ्या बाईंची मुलगी लग्नाची होऊन सासरी गेली, मुलगा शेती पाहू लागला. पोळ्याचा दिवस होता. बैल सजवण्याची धांदल चालली होती, पुरणाचा वास घरभर. न्हाणीतून मोठ्या बाईंनी मला हाक मारली, नेहमीच्याच आवाजात. मी गेले. त्यांनी ओल्या लुगड्यातून माझा हात धरला आणि आपल्या डाव्या स्तनावर, बाहेरच्या बाजूला ठेवला. "दाब. हातात जीव घेऊन दाब. काही लागते काय?" मला आधी काही कळेना. मग बोटाखाली लागलं. सरकीच्या बीएवढं, टणक, बोटानं ढकललं की सरकणारं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या घाबरल्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही. ओठ पांढरे पडले होते. पण त्यांनी अंग पुसलं, चोळी घातली, बाहेर आल्या, बैलांना ओवाळलं, पुरणाचा घास भरवला, आणि सगळी माणसं जेवायला बसली तेव्हा वाढता वाढता सांगितलं, "मले गाठ झाली. गंगूताईसारखी. मी डाक्तरकडं जातो." आमच्या वऱ्हाडात बायका अशाच बोलतात, जातो, येतो. पण त्या दिवशी तो शब्द मला पुरुषासारखा भक्कम वाटला.

जेवणं तशीच राहिली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मामंजी पानावरून उठून गेले. पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. वैद्य झाले, लेप सुचवले गेले, कुणी देवीला नवस बोलायला सांगितलं. मोठ्या बाईंनी नवस बोलला, पण जाण्याचं सोडलं नाही. तेवढ्यात कारंज्यात चौकशी होऊन कळलं की नागपूरकडे एका मिशनच्या दवाखान्यात बाई डॉक्टर आहे, मडमीण, ती असल्या गाठी काढते. सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीनं असं उघडं पडावं काय? अन तेही परक्या मुलखातल्या बाईपुढं?" मोठ्या बाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आत्याबाई, गंगूताईनं झाकून ठेवलं. तिले काय भेटलं? इज्जत भेटली काय? शेवटी तिच्या खोलीत कोनी पाय ठेवत नव्हतं." सासूबाईंनी मग शेवटचं काढलं. आता पितरपाख लागला, या दिवसांत कुणी नवं काम काढत नाही, दसरा होऊ दे, मग पाहू. यावर मोठ्या बाईंनी जे उत्तर दिलं ते आमच्या गावात आजही बायका एकमेकींना सांगतात. म्हणाल्या, "पितरायमंदी जाऊन बसन्यापक्षा पितरपाखात निंगालेली बरी."

मामंजी समोरच बसले होते. तेव्हा माझे भासरे, म्हणजे मोठ्या बाईंचे यजमान, बोलले. हा मनुष्य बापासमोर कधी तोंड उघडत नसे. खांबाला टेकून बसले होते, तिथूनच म्हणाले, "जाऊ द्या तिले. गंगूच्या घरी मीही गेलतो. तो वास मले अजून येते."

मोठ्या बाईंनी मला सोबत मागितलं. "इले नेतो. इले वाचता येते." कारंज्याहून ती लहान गाडी, रमतगमत चालणारी, मूर्तिजापूरला पोचवते, तिथून मोठी गाडी. भासरे दोघींच्या पुढं गाठोडं घेऊन. मोठ्या बाईंनी आयुष्यात आगगाडी आतून पाहिली नव्हती, पण खिडकीबाहेर फारसं पाहिलं नाही. एकदाच म्हणाल्या, "यमुने, कपाशी यंदा चांगली हाये इकडं."

ती डॉक्टरीण वयानं मोठी, केस पिकलेले, मराठी पुस्तकातून शिकल्यासारखं बोलणारी. तिनं मोठ्या बाईंना बाकावर बसवलं, दोन्ही हात वर करायला सांगितले, मग खाली, मग कमरेवर दाबून ठेवायला. गाठ बोटात धरून हलवून पाहिली. काखेत बोटं खोल घालून कितीतरी वेळ चाचपलं, गळ्याच्या हाडावर चाचपलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. मोठ्या बाई मात्र समोरच्या भिंतीकडे. "केव्हा लक्षात आली?" "पोळ्याच्या आंघोळीले." डॉक्टरीण थांबली. तिनं मला विचारलं, पोळा म्हणजे केव्हा? मी सांगितलं. तिनं पुन्हा खात्री करून घेतली आणि मग ती खुर्ची ओढून मोठ्या बाईंच्या समोर बसली. "बाई, ही गाठ वाईट असावी असं मला वाटतं. पण ती लहान आहे. ती हलते आहे, कातडीला किंवा खालच्या मांसाला धरलेली नाही. तुमच्या काखेत काही लागत नाही. आणि तुम्ही लवकर आलात. माझ्याकडे बायका येतात तेव्हा बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो. या सगळ्या गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत."

"मंग मी वाचीन म्हना."

"तसं मी म्हणणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "ते मला माहीत नाही. काही बायकांचं सगळं चांगलं असतं, तरी आजार परत येतो. का, ते आम्हांला कळत नाही. पण तुम्ही पुढच्या वर्षी आला असता तर मी एवढंसुद्धा बोलू शकले नसते."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं, पोथी वाचताना पाहत तसं. हे लिहिलेलं आहे की ती मनानं सांगते आहे? मग म्हणाल्या, "खरं बोलून राह्यली. हिच्याकडून करून घेतो." दुसरी बाई असती तर वाचवीन असं वचन देणाऱ्याकडे गेली असती. मोठ्या बाईंचा विश्वास बसला तो वचन न देणारीवर.

शस्त्रक्रिया मोठी होती. पूर्ण स्तन काढला, खालचं मांस काढलं, काख खरवडून काढली. भुलीतून बाहेर येताना त्यांना उमाशांवर उमासे आले, आणि पहिले काही दिवस ताप. पट्टी बदलायच्या वेळी त्या माझं मनगट धरत आणि मनगट दुसऱ्या दिवशीही दुखे. एकदा पट्टी सुटलेली असताना त्यांनी स्वतः मान वळवून पाहिलं. मी म्हटलं, कशाला पाहता? त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "माहंच हाये," म्हणाल्या, "मी नाई पायनार तं कोन पायनार." त्यानंतर डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, लपवलंही नाही...

हात वर होत नव्हता. वेणी घालणंही जमेना. दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं की भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं किड्यासारखी वर वर चालवायची, दुखेल तिथंवर, मग आणखी जरा वर. घरी परतल्यावर मोठ्या बाईंनी याच्यासाठी स्वयंपाकघरातला कोपरा धरला नाही. ओसरीची भिंत धरली, जिथून सारं गाव येतं जातं. रोज सकाळी, दात ओठ खाऊन. येणारा-जाणारा थबकून पाही. सासूबाई म्हणत, आत कर व बाई. त्या म्हणत, "इथं उजीड हाये." कपाशीच्या वेचणीला त्यांचा हात डोक्याच्या वर गेला. त्याच वेचणीला त्या वावरात आल्या, ओटीत कापूस भरला, आणि मजूर बायका काम टाकून पाहत राहिल्या. नर्सनं चोळीत भरायला कापडाची गादी शिवून दिली होती. ती त्यांनी एकदाही वापरली नाही. मी आठवण केली तर हसल्या. "कापूस काय, वावरभर हाये. पन यमुने, गाठ नाई लपवली, आता जागा कायले लपवू?"

गावानं मात्र लगेच जागा दिली नाही, हेही सांगायला हवं. हा रोग अंगाला लागतो असं बायका बोलत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मोठ्या घरी आम्ही दोघी गेलो. यजमानीण ओळीनं कुंकू लावत आली आणि मोठ्या बाईंना ओलांडून माझ्याकडे वळली. मी कपाळ मागे घेतलं. सगळ्या बायका खाली पाहू लागल्या. मोठ्या बाईंनी आपल्या त्या आवाजात म्हटलं, "काहून व, विसरली काय? कुंकू नवऱ्याच्या नावाचं असते ना? माहा नवरा तिकडं गव्हाले पानी देऊन राह्यला, चांगला धडधाकट. त्याचं कुंकू माह्या छातीत नाई होतं. लाव." कुणीतरी फिसकन हसलं. यजमानिणीनं कुंकू लावलं. त्या वर्षी मोठ्या बाईंनीही घरी हळदीकुंकू केलं. पहिली आली ती कारंज्याची बांगडीवाली हमीदाबी. तिला बोलावण्याची कुणाला गरजच नसे, ती आली की दुकान मांडूनच बसे. तिनं मोठ्या बाईंचा डावा हात, जो अजून जरा सुजत असे, आपल्या मांडीवर घेतला, कुरवाळत सैल केला, आणि हिरव्या बांगड्या चढवल्या, एकही न फुटता. मग दारातल्या बायकांकडे पाहून म्हणाली, "आवो ना, मेरे हाथ को तो कुछ नहीं हुआ."

त्या दिवसापासून या दोघींचं जमलं, आणि पुढं जे घडलं ते या दोघींनी घडवलं. हमीदाबी म्हणाली होती, "अनसाबाई, मैं घर-घर जाती. हर औरत का हाथ मेरे हाथ में रहता. औरतां जो अपनी सास को नहीं बोलतीं, मेरे को बोलतीं." मोठ्या बाईंनी तिला सांगून ठेवलं, ज्या कुणाला काही गाठ लागेल तिला माझ्याकडे पाठव, मी हात लावून पाहीन. हमीदाबी बांगड्या भरता भरता विचारी. पहिल्या वर्षी कुणी आलं नाही. मग एक आली, डोईवर पदर, सोबत नणंद. मग आणखी. पुष्कळ जणींचं काहीच नसे, दुधाची गाठ, पाळीच्या आधीची सूज. त्यांनाही मोठ्या बाई म्हणत, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहा. ज्यांचं खरं वाटे त्यांच्या घरी त्या स्वतः जात, सासऱ्यापुढं उभ्या राहत, आणि आपल्या चोळीच्या सपाट बाजूवर हात ठेवून म्हणत, "माह्याकडं पाहा. किती वर्सं झाली पाहा. मी मेली काय?" लोकांना तोंड चुकवता येत नसे. नकोशा वाटत त्या त्यांना. निर्लज्ज म्हणत. पण घरातली बाई दवाखान्यात पाठवत.

सगळ्या वाचल्या नाहीत. सगुणा नावाची एक होती, आमच्याच गावची, अंगानं लहानशी, हसरी. तिची गाठ मोठ्या बाईंच्या गाठीपेक्षा फार मोठी नव्हती. मोठ्या बाईंनीच तिला नेलं, शस्त्रक्रिया झाली, परत आली, दोन वर्षं बरी होती. मग पाठीचं हाड दुखू लागलं आणि ती गेली. मोठ्या बाई सांत्वनाला निघाल्या तर आम्ही सर्वांनी अडवलं, पण त्या गेल्याच. सगुणाची सासू दारातच किंचाळली, "तूच नेली तिले कापायले! कापलं म्हून पसरलं!" मोठ्या बाई परत फिरल्या नाहीत. अंगणातच खाली बसल्या, उन्हात, बायकांच्या घोळक्याच्या बाहेर. संध्याकाळपर्यंत बसल्या. कुणी पाणी विचारलं नाही. उठताना सासूजवळ जाऊन म्हणाल्या, "नेली मीच. नसती नेली तं मले जास्त दुख झालं असतं." पुढच्या खेपेला नागपूरला तपासणीला गेल्या तेव्हा त्यांनी डॉक्टरणीला सरळ विचारलं की मी का उरले आणि सगुणा का नाही. डॉक्टरीण आता फार थकली होती. तिनं आठवून सांगितलं की सगुणाच्या काखेत गाठी पोचलेल्या होत्या, शस्त्रक्रियेतच दिसल्या होत्या. काखेत पोचलं की मार्ग बिकट होतो. गाठ लहान असणं चांगलं, काख मोकळी असणं त्याहून चांगलं. तरीही तिच्या माहितीत काखेत गाठी असलेली एक बाई दहा वर्षं जगली होती. "मी तुम्हांला फक्त कल कुठला ते सांगू शकते," ती म्हणाली. परतीच्या गाडीत मोठ्या बाई खिडकीशी बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे यमुने, आपल्या हातात एवढंच हाये. लवकर पोचनं. बाकीचं त्याचं त्याले ठाऊक." आणि पुढच्या महिन्यात पुन्हा एका घराच्या ओट्यावर, सासऱ्यासमोर, उभ्या.

त्या वाचल्या याची कारणं गावात ज्याची त्याची वेगळी होती. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत, देवीनं राखलं. हमीदाबी म्हणे, मी दर्ग्यावर चादर बोलले होते. कुणी म्हणे, ती हट्टी होती, मरणालाही दाद दिली नाही. हे शेवटचं लोकांना फार आवडतं, आणि तेच मला मान्य नाही. हट्टानं गाठ जात नाही. सगुणाही हट्टी होती, हसत हसत भिंतीवर बोटं चालवत होती. मोठ्या बाईंचा हट्ट कामी आला तो एकाच जागी. तो त्यांना वेळेवर त्या बाकावर घेऊन गेला. हे त्यांच्यापुढं बोललं तर त्या म्हणत, "देवीनं अक्कल देल्ली, डाक्तरनीनं हात लावला. दोघींचं नाव घ्या, भांडता कायले?"

गाठ निघाल्यानंतर त्या वीस वर्षांवर जगल्या. या वीस वर्षांत त्यांनी सासू-सासऱ्यांना पोचवलं, नवऱ्याचा वियोग पाहिला, नातवंडांना कडेवर खेळवलं, त्याच डाव्या हातावर. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना तेव्हा अंधार पडायच्या आत सारं घर जेवायला बसवण्याची शिस्त लावली. आजारी पडल्या त्याच्या आदल्या आठवड्यात त्या गाडीत बसून शेजारच्या गावी एका बाईला पाहायला गेल्या होत्या, थंडीत, नुसती एक धाबळी गुंडाळून. मी म्हटलं, आता पुरे करा, वय झालं. म्हणाल्या, "ते वय मले भेटलं कसं, ते पायजो." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं सलग बोलणं. त्यानंतर ताप चढला आणि शब्द तुटक झाले...

माजघराच्या मागं आमची धान्याची कोठी आहे. तिला पूर्वेकडं एक लहानशी खिडकी, आणि दाराला आतून कडी. बायका आल्या की मोठ्या बाई त्यांना तिथं नेत, ज्वारीच्या पोत्यावर बसवत, खिडकी उघडत आणि आधी स्वतःचे हात चोळून गरम करत. त्या गेल्यापासून ती खोली मी केवळ धान्य काढायला उघडत होते. परवा सकाळी ओट्यावर एक बाई आली, पंचविशी-तिशीची, सोबत सासू. हमीदाबीच्या सुनेनं पाठवलं म्हणाली. आता बांगड्या ती विकते. "अनसाबाई हायत काय?" मी सांगितलं, त्या वारल्या. ती उभ्या उभ्या कोमेजली आणि सासूकडे वळली, निघायला. मी म्हटलं, "आत ये."

सासू ओट्यावर थांबली. कोठीत खिडकी उघडली, उजेड पोत्यांवर आला. माझे हात थंड होते, ते मी चोळले. गाठ होती. लहान होती, सरकत होती. काख मी तीनदा पाहिली, डॉक्टरीण पाही तशी, खोल बोटं घालून. काही लागलं नाही. "कधीपासून?" "ह्याच महिन्यात, मावशी. न्हातानी." ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. "मी वाचीन काय?"

माझ्या मनात होतं की हो म्हणावं. "ते मले ठाऊक नाई," मी म्हणाले. "पन तू लवकर आली."

मग तिनं चोळी ओढून घेतली, खाली दोन्ही टोकं जुळवून गाठ मारली, घट्ट. पदर डोक्यावरून घेतला. कडी मी काढणार तोच तिनंच काढली, दार उघडलं, आणि ओट्यावर बसलेल्या सासूला, दोन शेजारणी आणि एक गडी ऐकत असताना, पुरत्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, मले थानात गाठ हाये. उद्या नागपूरले जानं हाये."